फाटकापलीकडचं गाव

आमच्या घरात डोंबिवलीतला कुठलाही पत्ता रेल्वे फाटकापासून सुरू व्हायचा. सुईणीचं घर फाटकापलीकडे, पिठाची गिरणी फाटकाअलीकडे, दूधवाला पलीकडचा, शाळा अलीकडची. आजीचं तर म्हणणं होतं की मुलगी गावात द्यायची तर आपल्याच बाजूला द्यावी. "ऐन बाळंतपणाच्या वेळी फाटक पडलं तर कोणाला हाका मारायच्या?" आम्ही हसायचो. ती हसत नसे.

ठाण्यापर्यंतची आगगाडी 16 एप्रिल 1853 ची, ही तारीख शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. 1 मे 1854 ला तीच गाडी कल्याणपर्यंत आली, हे कुणी विचारत नाही. आमच्या गावाच्या दृष्टीने मात्र मोठी तारीख ही दुसरीच. एका अंगाला उल्हासची खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि मधून ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ. खाडीकडच्या एका आगरी घरातले वृद्ध गृहस्थ आजोबांचे स्नेही होते. आपल्या पणजोबांची गोष्ट ते स्वतः बघितल्यासारखी सांगायचे. घर खाडीच्या बाजूला, खाचरं रुळांपलीकडे. बैल सुरुवातीला रुळांवर पाय ठेवायलाच तयार नव्हते. मग रुळांवर पेंढा पसरायचा, बैल पलीकडे न्यायचे आणि गाडी यायच्या आत पेंढा उचलून ठेवायचा. खरं-खोटं देव जाणे. त्यातला एक तपशील मात्र मला पूर्ण पटतो. पेंढा कंपनीने पसरायचा नव्हता, ज्याचे बैल त्याने पसरायचा होता.

आजोबा ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये होते. जुनी माणसं त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणतात. विजेवरच्या गाड्यांसाठी रेल्वेने स्वतः उभारलेलं ते वीजकेंद्र. आजोबा पाळीवर जायचे ते रुळांच्या कडेने, चालत. रस्ता नव्हताच असं नाही. पण रूळ सरळ होते, रस्ता वळसा घालून होता, आणि पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल पोटरीपर्यंत यायचा. "गावात खडी एकाच ठिकाणी नीट पडलेली होती," ते म्हणायचे, "रुळांखाली."

फाटकाची खरी माहिती आम्हाला मिळाली ती गेटमनकाकांकडून. निवृत्तीनंतर ते आमच्या चाळीत मागच्या खोलीत राहायला आले. संध्याकाळी ओट्यावर बसले की गुमटीतल्या गोष्टी सुरू. फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्याला वाटतं, गेटमनला लहर आली की तो फाटक पाडतो. प्रत्यक्षात स्टेशनमास्तरचा फोन यायचा. मग रस्ता रिकामा आहे हे बघून हँडल फिरवायचं, दोन्हीकडचे दांडे खाली आणायचे, कुलूप लावायचं, किल्ली काढून खोक्यात घालायची. त्यानंतर स्टेशनमास्तरला प्रायव्हेट नंबर सांगायचा. तो नंबर त्यांनी त्यांच्या वहीत आणि यांनी यांच्या वहीत लिहायचा. एवढं झाल्यावरच सिग्नल पडायचा. फाटकाला कुलूप नाही तर गाडीला सिग्नल नाही, असा तो पक्का दुवा. म्हणजे मधे एखादी बैलगाडी अडकली की पुण्याची मेल सिग्नलच्या अलीकडे उभी.

"लोक मला शिव्या द्यायचे," गेटमनकाका सांगायचे, "आणि मेलचा ड्रायव्हरपण मलाच द्यायचा. दोघांच्या मधे मी आणि माझा कंदील."

सगळ्यात अवघड रात्र अनंत चतुर्दशीची. पूर्वेचे गणपती विसर्जनाला खाडीवर जायचे, म्हणजे फाटक ओलांडूनच. हातगाडीवर मूर्ती, पुढे लेझीम, मागे बायका-मुलं, आणि नेमकं तेव्हा फाटक पडलेलं. गर्दी जमायची, कुणीतरी आरती धरायचं. गेटमनकाका एका हातात लाल दिवा धरून दुसऱ्या हाताने देवाला नमस्कार करायचे. गाडी धडधडत निघून जायची, तिच्या वाऱ्याने निरांजन विझायचं, ते पुन्हा लावायचं, मग फाटक वर. आजीला हा प्रसंग फार प्रिय. तिच्या सांगण्यात दरवर्षी एक गाडी वाढायची आणि आरत्याही वाढायच्या. गेटमनकाकांनी एकदा हळूच दुरुस्ती केली, "वहिनी, दोनच गाड्या होत्या." आजी म्हणाली, "तुम्ही गाड्या मोजत होतात, आम्ही उभ्या होतो."

मोजण्याचा विषय निघाला की माझे काका सरसावून बसायचे. ते आधी डोंबिवलीच्या नगरपालिकेत कारकून होते. 1 ऑक्टोबर 1983 ला कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली तेव्हा टेबलासकट तिकडे गेले, असं ते स्वतःच सांगत. गोषवारा लिहिणं, विषयपत्रिका काढणं, ठरावाखाली सूचक-अनुमोदकांची नावं घालणं हे त्यांचं काम. फाटकाच्या जागी पूल का होत नाही, हे मला त्यांच्याइतकं स्वच्छ कुणीच सांगितलेलं नाही.

रूळ ज्या जमिनीवर आहेत ती रेल्वेची. रुळांवरून पूल न्यायचा तर रुळांवरचा तुकडा रेल्वेच्या देखरेखीचा. दोन्हीकडचे चढ-उतार, ज्यांना कार्यालयीन भाषेत पोहोच रस्ते म्हणतात, ते पालिकेचे किंवा राज्य सरकारचे. आणि रेल्वेने खर्चाचा अर्धा वाटा उचलावा असं वाटत असेल तर त्या फाटकाने आधी परीक्षा पास व्हायला हवी. फाटकावरून रोज जाणाऱ्या आगगाड्यांचा आकडा आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आकडा यांचा गुणाकार करायचा. याला म्हणतात टीव्हीयू. तो 1 लाखावर गेला तर फाटक पुलाच्या लायकीचं. रस्त्यावरच्या आकड्यासाठी मोजणी करतात.

ही मोजणी कशी करतात ते काका बोटांवर सांगायचे. "मोटार एक. बैलगाडी एक. टांगा एक. रिक्षा अर्धी."

"आणि माणूस?" मी विचारलं होतं.

"माणूस नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. चालत जाणारा धरत नाहीत. रिकामा टांगा गेला तर एक, आणि भरल्या पिशव्या घेऊन तुझी आजी गेली तर काही नाही."

आजी आतून ओरडली, "मग मी टांग्यानेच जायला हवं होतं!"

घरातला तो एक कायमचा विनोद झाला. पण मला तो विनोद वाटेनासा झाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रेल्वे फाटकांबद्दल वाडवडिलांकडून ऐकलेली एकूण एक गोष्ट चालणाऱ्यांची आहे. बैलामागे चालणारा शेतकरी, पाळीवर चाललेले आजोबा, विसर्जनाची मिरवणूक. आणि फाटकाचं काय करायचं हे ज्या आकड्यावर ठरतं, त्या आकड्यात यांच्यापैकी कुणीच नाही. आगरी आजोबांच्या पणजोबांचे बैलसुद्धा गाडीला जुंपलेले असते तरच हिशोबात आले असते.

हे कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. गणित वाहनांच्या खोळंब्यासाठी मांडलेलं आहे आणि त्या कामासाठी ते ठीकच असेल. पण त्याच गणितावर फाटक बंद करण्याचा निर्णय होतो. फाटक बंद झालं की वाहन वळसा घालून पुलावरून जातं आणि माणूस भिंतीला पडलेल्या भगदाडातून रूळ ओलांडतो. मग त्याला रेल्वे कायद्याचं 147 वं कलम लागू होतं: अतिक्रमण, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड. मोजणीच्या वेळी जो नव्हता, तो दंडाच्या वेळी बरोबर सापडतो.

काकांच्या गोष्टींत आणखी एक धागा होता, तो मला उशिरा समजला. महानगरपालिका 1983 ला झाली, पण पहिली निवडणूक 1995 साली. मधली बारा वर्षं प्रशासक. त्या काळाबद्दल काका संमिश्र बोलायचे. काम अडत नव्हतं, सही एकाची असायची, फाईल लवकर सुटायची. मग जरा थांबून म्हणायचे, "पण सभागृहात एखादा अडाणी नगरसेवक उभा राहून 'साहेब, बायामाणसांनी कुठून जायचं' असं विचारतो ना, ते त्या काळात कुणी विचारलंच नाही." काकांना नगरसेवकांचं विशेष कौतुक नव्हतं. टेंडरच्या विषयाला सगळे हजर आणि गटाराच्या विषयाला कोरम नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. तरीही हा प्रश्न विचारायला कुणीतरी हवा, असं त्यांचं मत होतं.

2018 हे साल आमच्या भागाला पुलांच्या हिशोबाने विसरता येणार नाही. कल्याणचा पत्री पूल 1914 सालचा, इंग्रजांच्या काळातला. तो धोकादायक ठरला, बंद झाला आणि 18 नोव्हेंबर 2018 ला पाडला. नवा पूल सुरू व्हायला 25 जानेवारी 2021 उजाडला. मधल्या काळात कल्याण-शिळ रस्त्याची जी अवस्था झाली ती तिथे रिक्षात बसून दम काढलेल्यांना सांगायला नको. त्याच 2018 साली ठाकुर्लीचा उड्डाणपूल झाला. वर्षभर जेमतेम सुखाचं गेलं, तोच 2019 च्या सप्टेंबरात डोंबिवलीचा कोपर पूल वाहनांना बंद झाला आणि सगळं ओझं त्या अरुंद ठाकुर्ली पुलावर येऊन पडलं. कोपर पूल पुन्हा सुरू झाला 2021 च्या सप्टेंबरात. या सगळ्या काळात वर्तमानपत्रांतले फोटो गाड्यांच्या रांगांचे. चालणाऱ्यांचा फोटो कोण काढणार, ते रांगेत नसतात.

माझी नोकरी अंधेरीला, त्यामुळे त्याच 2018 मधल्या आणखी एका पुलाची गोष्टही मला जवळून बघावी लागली. 3 जुलै 2018, सकाळ, धो धो पाऊस. अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा एक भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. कोसळलेला भाग कुठला? पादपथ. पूल 1975 सालचा. गाड्यांचा रस्ता जागेवर राहिला आणि लोक चालायचे ती कड खाली आली. पाच जण जखमी झाले, त्यांतले दोघे पुढे दगावले. त्या दिवशी मी घरी फोन करून सुखरूप असल्याचं कळवलं तर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पादपथ कोणाच्या ताब्यात होता?" मला राग आला होता. दुसऱ्या दिवसापासून रेल्वे आणि महापालिका नेमक्या याच प्रश्नावर भांडत होत्या.

पुढचा अध्याय तर कादंबरीकारालाही सुचला नसता. 7 नोव्हेंबर 2022 ला गोखले पूल बंद केला. रुळांवरचा भाग रेल्वेने पाडला, नवा पूल महापालिकेने बांधायला घेतला. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे रुळांपासूनची उंची वाढवावी लागली. 26 फेब्रुवारी 2024 ला पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली आणि लोकांनी डोळे चोळले. शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो आधी गोखले पुलाला येऊन मिळायचा, तो आता माणसाच्या उंचीच्या आसपास खाली राहिला होता. दोन पूल, मधे अंतर, आणि ते बघायला जमलेली अंधेरी. शेवटी व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला, जॅक लावून बर्फीवाला पुलाचा तुकडा वर उचलला आणि 2024 च्या जुलैत जोड दिला. संपूर्ण गोखले पूल खुला झाला 11 मे 2025 ला.

ओट्यावर बसून काका जे वर्षानुवर्षं सांगत होते, रुळांवरचं एकाचं आणि उताराचं दुसऱ्याचं, ते मुंबईने एकदा सिमेंटमध्ये करून दाखवलं. अनेकांनी यावर विनोद केले, मीही केले. पण त्या दरीत निदान मोटारी अडकल्या होत्या, म्हणून ती भरली गेली. चालणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या दऱ्या लहान असतात. आमच्या भागातल्या एका पादचारी पुलाची शेवटची पायरी फुटलेली होती. खालचा रस्ता खणून पुन्हा केला तेव्हा तो खाली गेला आणि पायरी अधांतरी राहिली. वयस्कर माणसं कठडा धरून, पिशवी आधी खाली ठेवून, मग पाय टाकायची. मी अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, जिना आमचा पण रस्ता आमचा नाही. दुसऱ्याने सांगितलं, रस्ता आमचा पण जिना आमचा नाही. दोघांचंही लेखी उत्तर माझ्याकडे आहे आणि दोन्ही उत्तरं खरी आहेत. कार्यालयांची नावं सांगत नाही, कारण तुमच्याही गावात तीच दोन असतील. पायरी शेवटी समोरच्या रसवंतीवाल्याने दोन फरशा टाकून नीट केली. ज्याचे बैल त्याने पेंढा पसरायचा.

जिन्याला कमी लेखू नये. 29 सप्टेंबर 2017 ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे गर्दी तुंबली आणि चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. गिरण्या गेल्या, तिथे ऑफिसांचे मनोरे आले, रोज उतरणारी माणसं कित्येक पटींनी वाढली आणि जिना तेवढाच. त्यानंतर लष्कराला बोलावून तीन पादचारी पूल बांधून घेतले: एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आमच्या कल्याणपलीकडचं आंबिवली. 2018 च्या फेब्रुवारीअखेर ते तिन्ही खुले झालेसुद्धा. म्हणजे मनात आणलं तर काही महिन्यांत होतं. मनात आणायला 23 माणसं लागली.

गेटमनकाका आता नाहीत. शेवटी शेवटी ते मला दिव्याच्या फाटकाबद्दल विचारायचे. मध्य रेल्वेवरचं सगळ्यात बदनाम फाटक ते. दिवा पूर्व आणि पश्चिम यांच्यामधे ते उभं आहे आणि रुळांच्या जोड्या वाढतच गेल्या आहेत. फाटक उघडलं की दोन्हीकडून रिक्षा, टेम्पो, दुचाक्या एकदम घुसतात, मधे अडकतात. फाटक बंद होत नाही, बंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि मागे कल्याणपर्यंत लोकल रखडतात. डब्यात दांड्याला लटकलेला माणूस गेटमनला शिव्या देतो. गेटमनकाकांच्या काळी एक बैलगाडी मेल अडवायची, आता शंभर रिक्षा जलद लोकल अडवतात. खोक्यातली किल्ली आणि वहीतला नंबर यांचा नियम तोच. तिथल्या पुलाचं काम बरीच वर्षं चाललं आहे. शेजारी कळव्याला खारेगावचा पूल 14 जानेवारी 2022 ला खुला झाला, विक्रोळीचा 14 जून 2025 ला. दिव्याची पाळी कधी, हे लोक स्टेशनवर एकमेकांना विचारतात.

गेटमनकाकांना त्या गेटमनची काळजी वाटायची. "त्याला कोण मारायला येत नाही ना?" असं ते विचारायचे. पूल झाला की ही नोकरीच जाईल, हे मी सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. पण पूल करतील तेव्हा पायी जाणाऱ्याला वाट ठेवा म्हणावं. नाहीतर तो रुळांवरच येणार, आणि तेव्हा त्याला थांबवायला तिथे कुणीच नसणार." चाळीतल्या ओट्यावरच्या सगळ्या चर्चांमध्ये इतकं कामाचं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. फाटक बंद करताना दांड्यासोबत हिरवं-लाल निशाण धरणारा माणूसही जातो, हे नकाशावर दिसत नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली आणि मग पुन्हा पाच वर्षं प्रशासक. मुंबईतही 7 मार्च 2022 नंतर तेच. पत्री पूल सुरू झाला, कोपर पूल सुरू झाला, गोखले पूल बंद झाला आणि उघडला, त्यातला बराच काळ निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. 2026 च्या जानेवारीत निवडणुका झाल्या आहेत आणि विषयपत्रिका पुन्हा निघू लागतील. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, तरी त्यांनी आमच्या प्रभागातल्या नव्या नगरसेविकेचा फोन नंबर मिळवला आहे. तिला विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली, आणि ती तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देते. आपल्या फाटकाची शेवटची मोजणी कधी झाली? त्या दिवशी चालत किती जण गेले, हे कुणी लिहून ठेवलं आहे का? पुलाच्या नकाशात जिना किंवा भुयारी वाट आहे का, आणि ती फाटक बंद होण्याआधी सुरू होणार की नंतर? पूल झाल्यावर पादपथ कोणाच्या ताब्यात राहणार? यांपैकी एकाचं तरी उत्तर लेखी मागा. आणि मोजणी होत नसेल तर फाटकापाशी एक तास उभं राहून माणसं तुम्हीच मोजा, आकडा लिहा, तारीख-वेळ घाला आणि आवक क्रमांक घेऊन अर्ज द्या.